काळी चार

वाशीमकडच्या मालेगावच्या भागिरथाबाईला लोक आडनावाने ओळखत नसत. कोणती भागिरथा, असं कोणी विचारलं की उत्तर यायचं, "काळी चारवाली." पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात. गाणारा ज्या पट्टीवर आपला सा धरतो, ती त्याची पट्टी. आमच्या भागातल्या बाया काळी एकवर, फार तर काळी दोनवर गात. भागिरथा गायची ती चढ्या काळी चारवर. मंडपात माईक नसला तरी तिचं गाणं गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत जायचं, आणि नाल्यावर कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून म्हणायच्या, "सुरू झाली व माय."

नवरा देवमन रस्त्याच्या गँगवर मजूर होता आणि पेटी वाजवायचा. धाकटी जाऊ बेबीताई मागून सूर ओढायची, ढोलकीवर जानराव. एवढीच ती गायन पार्टी. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत मात्र त्यांना बोलावणी पुरत नसत. चैत्र लागला की एका गावातून दुसऱ्या गावाला, बैलगाडीत सतरंजीत गुंडाळलेली पेटी आणि तिच्यावर हात ठेवून बसलेली भागिरथा.

आणीबाणी उठली त्या वर्षी एका कार्यक्रमात तिचा वरचा सूर चिरकला. एकदाच. पण पुढे बसलेली पोट्टी फिदीफिदी हसली. घरी येऊन तिने भाकर बाजूला सारली आणि देवमनला म्हणाली, "आवाज गेला तं मले हिरीत ढकलून द्या. मंग काय कामाची मी?"

देवमनने बाजूला सारलेली भाकर झाकून ठेवली. तो मुळातच कमी बोलायचा.

भागिरथेने महिनाभर ज्येष्ठमध चघळलं, आंबट सोडलं, गार पाणी सोडलं. देवमनने तेवढ्यात पेटी दुरुस्तीला काढली. भात्याला भोक पडलं होतं म्हणे. दुरुस्त पेटीवर ती पहिल्यांदा गायली तेव्हा सूर असा अलगद लागला की तिचे डोळे भरून आले. ज्येष्ठमधाने काम केलं. पाथरवटाने दगडावर कोरावं तशी ही गोष्ट तिने मनावर कोरून घेतली.

पावसाळा गेला. सकाळी उठल्यावर तिला घशात कुसळ अडकल्यासारखं वाटू लागलं. बोलताना आवाज घोगरा व्हायचा. कधी कानापर्यंत कळ जायची.

बेबीताई म्हणाली, "बाई, वाशीमले जाऊन डाक्टरले दाखवा. तुमचं बोलणं आता बाप्यावानी येऊन राह्यलं."

"तुह्या नवऱ्यावानी का?"

"मस्करी नोका करू. मले भेव वाटते."

"अवं, घसा खराब असता तं काळी चार लागली असती का?" भागिरथेने पेटी ओढली, काळी चार दाबली आणि गळा सोडला. सूर लागला. थोडा खरखरला, पण लागला. "पाह्य. डाक्टर आणखी काय पाह्यते? माहा डाक्टर हे पेटी हाय."

चुलीपाशी बसलेला देवमन एकदम उठून बाहेर गेला. त्याची विडी पेटलेली नव्हती, तरी तो बाहेर गेला.

त्या हिवाळ्यात पेटी आणखी दोनदा दुरुस्तीला निघाली. पेटीत धूळ जाते, झुरळं जातात, असं देवमन म्हणायचा. भागिरथा शेतात निंदायला गेली की तो ओसरीवर पेटी उघडून बसे. ती आली की झाकण बंद.

पुढच्या जयंतीत शेलूबाजारचा कार्यक्रम आला. तिथला जगदेव मोठ्या हौशीचा माणूस. त्याने वाशीमहून उदयसिंग नावाच्या वाजवणाऱ्याला विजेच्या ऑर्गनसकट आणवलं होतं. दिवस मावळायला मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मी माणसं ते यंत्रच पाहायला आली होती. भाता नाही, वारा नाही, आणि नुसतं बटण दाबलं की बासरी. दुसरं दाबलं की व्हायोलिन. एका डब्यातून तबल्यासारखा ठेका आपोआप निघत होता.

उदयसिंग तरुण होता, बोलका होता. त्याने भागिरथेला हौसेने सगळं दाखवलं. "ताई, कंपनीवाल्याने आपला ढोलकीचा ठेका दिलाच नाही. मंग म्या ही दोन बटणं एकदम दाबून पाह्यली. दोन इलायती ठेके एकमेकांत घुसले अन् हा तिसराच निघाला. ऐका." खरंच, ढोलकीच्या जवळपासचं काहीतरी वाजू लागलं. त्याने बटणं वर येऊ नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावली होती. मग एका पट्टीच्या फटीत आगकाडी खोचली, आणि तो सूर न थांबता घुमत राहिला.

"माह्या पोटावर पाय देतं हे," जानराव ढोलकी थोपटत म्हणाला.

"तुह्या ढोलकीले बिडी लागते, याले लागत नाई," जगदेव म्हणाला, आणि सगळे हसले.

देवमन हसला नाही. "आपण आपल्या पेटीवरच गाऊ," तो म्हणाला. "सवय नाई याची."

"काहून? एवढं आणलं त्याने," भागिरथा म्हणाली. तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता.

"भागे, ऐक माह्यं. पेटीवर गाय."

"तुमाले वाजवाले भेटत नाई म्हणून तोंड पाडता का? एक गाणं, बस." ती उदयसिंगाकडे वळली. "काळी चार लावा."

आगकाडी काळी चारच्या फटीत गेली. भागिरथेने डोळे मिटले. गाणं तिचं स्वतःचंच होतं, तिनेच जुळवलेलं: *माय, दिवा लाव दारी, सूर्य आला आपल्या घरी.* 'सूर्य' या शब्दावर आवाज वर चढायचा. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीला ती 'सूर्य'पाशी आली आणि गळ्यातून सूर निघालाच नाही. फाटलेल्या कापडासारखं काहीतरी निघालं. तिने परत घेतलं. परत तेच.

मागे कोणीतरी शिट्टी मारली. "काळी चारवाली की काळी मांजर?"

उदयसिंग भला माणूस. त्याने माईकवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "ताई, जरा खाली घेऊ का? ह्या चकतीने सारी पट्टी उतरते." त्याने चकती फिरवली. भागिरथेने गुणगुणून पाहिलं. अजून उंच. त्याने आणखी फिरवली, चकती अडेपर्यंत फिरवली. तेव्हा आवाज जागेवर बसला.

"हे खरी काळी चार," ती म्हणाली. "आधी तुमची मशीन चुकली होती."

"नाई ताई. काळी चार ते आधीची. ही काळी तीनच्याही खाली गेली."

"आमची पेटी आणा."

बेबीताईने पेटी पुढे सरकवली. देवमन जागचा हलला नाही. भागिरथेने स्वतः भाता ओढला आणि काळी चार दाबली. उदयसिंगाने चकती मूळ जागेवर आणून आपली काळी चार दाबली. एकाच पट्टीचे दोन सूर मंडपात एकमेकांशी भांडू लागले. सुरातलं ज्याला काही कळत नव्हतं, त्यालाही ते कळलं.

"पेटी उतरली हाय ताई," उदयसिंग म्हणाला. "लय उतरली."

भागिरथेने नवऱ्याकडे पाहिलं. देवमन सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत होता. तिने त्याला सर्वांसमोर काही विचारलं नाही. उतरवलेल्या पट्टीवर तिने राहिलेला कार्यक्रम पुरा केला, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तिने ओसरीवर पेटी उघडली. आत पितळेच्या पत्त्या ओळीने बसवलेल्या असतात. वारा लागला की त्या थरथरतात आणि सूर निघतो. देवमनच पूर्वी कौतुकाने सांगायचा, की पत्ती टोकाशी खरवडली तर सूर चढतो आणि मुळाशी खरवडली तर उतरतो. सगळ्या पत्त्या जुन्या, काळसर पडलेल्या होत्या. मुळाशी मात्र प्रत्येकीवर कानशीचे ताजे, पिवळे ओरखडे चमकत होते.

"हे तुमी केलं?"

"हो."

"काहून?"

"तू त्या दिवशी जेवली नाई," देवमन म्हणाला. "हिरीचं बोलली."

"मी काय, रोज हिरीचं बोलतो!" भागिरथा म्हणाली.

"मले वाटलं वय झालं. वयाले काय दवा हाय? म्हटलं थोडी पेटी उतरवू, तुले समजनार नाई. मंग तुहा आवाज आणखी उतरला. मंग मी आणखी..."

"वय झालं तं सांगाचं होतं. काळी दोनवर गायली असती. काळी एकवर गायली असती. मी काय मरत होती का?"

हे बोलल्यावर ती स्वतःच थांबली. तिचा हात गळ्याकडे गेला. घशातलं कुसळ, कानातली कळ, सकाळचा घोगरेपणा, आणि दर वेळी आपण पेटीला विचारत होतो, पेटी सांगत होती की सगळं ठीक आहे. बेबीताई दारात उभी होती. तिने तोंडावर पदर घेतला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी आरसा घशात घालून पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून विचारलं, "आवाज कधीपासून बसला?"

भागिरथेला सांगता येईना. तिला कुठे माहीत होतं? तिने देवमनकडे बोट केलं. साऱ्या जगात ते ठाऊक असलेला तो एकच माणूस होता.

"मागच्या वर्षीच्या जयंतीपासून," देवमन म्हणाला. "मंग दिवाळीच्या मागंपुढं आणखी. मंग संक्रांतीले लय."

डॉक्टरांनी मान वर केली. "एवढं बारीक लक्ष होतं, तर तेव्हाच का नाही आणलं?"

देवमन उभा होता तो खाली बसला. खुर्ची होती, तरी फरशीवर बसला.

गाठ वाढली होती. ऑपरेशन झालं. आवाजाची पेटी काढावी लागली, असं डॉक्टर म्हणाले; त्यांचा शब्द तोच होता. गळ्याला पुढून भोक आणि त्यात नळी. भागिरथा घरी आली तेव्हा ओठ हलायचे आणि नळीतून वारा यायचा. गावातल्या बाया येऊन रडून जात. ती रडत नव्हती. रडण्यालाही आवाज लागतो, हे त्या बायांना तिथे बसल्यावर कळे.

एका दुपारी तिने पेटी ओढून देवमनपुढे ठेवली, काळी चारवर बोट ठेवलं आणि अंगठा वर केला. चढवा.

"आता कोनासाठी, भागे?"

तिने पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा अंगठा.

देवमनने गावच्या बुद्धविहारातली पेटी मागून आणली, सूर मिळवायला शेजारी ठेवली आणि कानस हातात घेतली. आता टोकाशी खरवडायचं. एकेक पत्ती जागेवर येऊ लागली. भागिरथा भाता ओढत होती, मान हलवून बरोबर की चूक सांगत होती. तिचे कान शाबूत होते. काळी चारची पत्ती त्याने सर्वांत शेवटी ठेवली. तीच सगळ्यांत जास्त खरवडलेली होती, मुळाशी कागदासारखी पातळ झालेली. त्याने जपून दोन हात मारले. सूर चढला, आणखी थोडा हवा होता. तिसऱ्या हाताला टक् असा आवाज आला आणि पत्ती मुळातून तुटून त्याच्या मांडीवर पडली.

भागिरथेने भाता ओढला आणि काळी चार दाबली. नुसता वारा आला. तिने ओठ हलवले. नळीतूनही तसाच वारा आला. तिने पट्टी दाबूनच ठेवली.

"सोड व," देवमन म्हणाला. "भागे, सोड ना. नवी आणतो मी अकोल्याहून."

तिने मानेनेच नाही म्हटलं.

पुढच्या जयंतीपर्यंत भागिरथा राहिली नव्हती. बेबीताई गायली, काळी दोनवर, घाबरत घाबरत. अकोल्यात पत्ती मिळत होती, पण देवमनने ती आणली नाही. तिला साथ करताना मधल्या सुराला त्याचं बोट सवयीने काळी चारवर पडायचं, आणि गाण्याच्या मध्येच तेवढा वारा सुटायचा. लोक म्हणायचे, देवमन, पेटी दुरुस्त कर बाप्पा.

"दुरुस्तच हाय," देवमन म्हणायचा.