सहा भोकांचा साचा

मी मेणबत्तीचा साचा बोलतोय. दचकू नका! अॅल्युमिनियमचा आहे, सहा भोकांचा. दोन फाका बिजागरीने जोडलेल्या, कडेला दोन चाप. उघडला की पुस्तक, मिटला की वीट. आणि गंमत म्हणजे मला बनवायलाही साचाच लागला. कारखान्यात वाळूच्या साच्यात मला ओतलं. ओतणाऱ्याला जेवायची घाई असणार, कारण माझं पाचवं भोक जरा तिरकं झालं. तिथली मेणबत्ती कायम कुणाच्या तरी कानात काहीतरी सांगायला वाकल्यासारखी दिसते.

मला आईने आणलं. माझ्या नाही हो, या घरातल्या आईने. ती आणि तिची लेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर विकायला मेणबत्त्या करायच्या. कामं ठरलेली. आई मला आतून तेलाचं फडकं फिरवणार, प्रत्येक भोकातून सुताची वात ओवून ताठ बांधणार, चाप लावणार. लेक मेण वितळवून ओतणार. मग मी पाण्याच्या परातीत. हात चालू, तोंडंही चालू.

"अगं, ओततेयस की अंघोळ घालतेयस?"

"तू वात बांध गं, मला शिकवू नको."

नऊ वर्षं अशीच गेली.

मग आईला पक्षाघाताचा झटका आला. दवाखान्यातून परतली ती थेट खिडकीपाशी बसली. बोलता येत होतं, हळूहळू चालताही येत होतं. उजव्या हाताची बोटं मात्र बधिर. कप निसटला तरी फुटल्याचा आवाज आल्यावरच तिला कळायचं. आणि काहीही विचारा, उत्तर एकच. भाजी कशी झालीय? ठीक आहे. पंखा लावू? ठीक आहे. लेक दुसऱ्या खोलीत जाऊन भिंतीकडे बघत बसायची.

मी दोन महिने फळीवर. वाईट वाटलं का? खरं सांगू? नाही. धातू आहे मी. उकळतं ओता, तापतो; पाण्यात ठेवा, निवतो. त्या दिवसांत ते अख्खं घरच माझ्यासारखं झालं होतं.

परवा दादाचा, म्हणजे लेकीच्या थोरल्या भावाचा फोन आला. स्पीकरवरच होता.

"ते मेणबत्त्यांचं लचांड सोडा आता. साचा भंगारात देऊन टाक. डोळ्यांसमोर कशाला ठेवायचा?"

"फुलवालीला शनिवारी सहा हव्यात," लेक म्हणाली. "एकदा करून बघते. नाहीच जमलं तर देते."

"आई, चालेल ना?" दादाने विचारलं.

"ठीक आहे," आई म्हणाली.

भंगार म्हणजे भट्टी. मलाही ठीकच वाटलं.

आज सकाळी लेकीने मला उतरवलं. पुसलं, तेल लावलं, चाप लावले. बारीक धारेने मेण ओतलं, एक थेंब बाहेर नाही. गार झाल्यावर उघडलं. पांढऱ्याशुभ्र सहा मेणबत्त्या, गुळगुळीत, एकही बुडबुडा नाही.

आणि एकीतही वात नाही!

नऊ वर्षं वात हे तिचं काम नव्हतंच ना. हात आपले सवयीने पुढे गेले. ती नुसती बघत राहिली. रडली नाही, चिडली नाही. दादाला सांगायला फोन उचलला.

"शहाणे, वात कुठाय?"

आवाज खिडकीकडून आला. लेकीचं बोट फोनवरच राहिलं.

"खडू केलेयस तू," आई म्हणाली. "शाळेत दे नेऊन."

सहाही पुन्हा पातेल्यात गेल्या. आई खुर्ची ओढत टेबलाशी आली. डाव्या हाताने तिने वात उजव्या चिमटीत दिली आणि चिमटीकडे बघत राहिली.

"धरलीय का गं मी?"

"धरलीयस."

"आता?"

"सुटली."

पुन्हा. प्रत्येक भोकापाशी तेच. पाचव्याला तर किती वेळ! "हे मेलं आधीपासूनच वाकडं," आई पुटपुटली. लेक वातीचं दुसरं टोक ताणून उभी. चाप लागले, मेण पडलं.

तेवढ्यात फोन वाजला. दादाच. "काय ठरलं साच्याचं?"

आईने डाव्या हाताने फोन ओढून घेतला. "साचा गरम आहे. मागाहून कर."

तर आता मीही गप्प बसतो. वाती ताठ आहेत की ढिल्या, मला कळत नाही. आईच्या बोटांनाही कळलेलं नाही. मेण थिजेपर्यंत थांबायचं, बस. तेवढा वेळ टेबलाला कुणी धक्का लावू नका.