ग्रॅनाइटच्या थाटात नापास झालेली लिफ्ट

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट. जुनी म्हणा, म्हातारी म्हणायचे काम नाही. या सहा मजली इमारतीत माझ्याइतके चढउतार कोणीही पाहिलेले नाहीत.

कारखान्यात माझे भाग घडले आणि इथे आणून मला जोडले. पोलादी दोरांच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला जड लोखंडी वजन. मी वर निघाले की ते खाली येते. आमचा सगळा संसार तोलावर चालतो. भेट होते ती मधल्या मजल्यावर, तीही धावती. म्हणूनच टिकला असावा.

माझ्या मिजाशीला कारण आहे. माणसे दुखल्याशिवाय डॉक्टरकडे जात नाहीत. माझी तपासणी मात्र कायद्यानेच करावी लागते. दर महिन्याला मिस्त्री दोर, ब्रेक, दारे पाहतो. वर्षातून एकदा सरकारी निरीक्षक येतात आणि त्यांनी पास केले तरच परवाना माझ्या भिंतीवर लागतो. इमारतीत शिकलेली माणसे पुष्कळ. पण दरवर्षी परीक्षा देणारी मी एकटीच!

नापास झाले ती एकदाच.

इमारतीचे सेक्रेटरी सहाव्या मजल्यावर राहतात. त्यांच्या आईचे खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रियेनंतर त्या चाकांच्या खुर्चीतून घरी यायच्या होत्या आणि नेमकी आदल्या दिवशी माझी तपासणी होती. सेक्रेटरींनी चंग बांधला. आईही खूश आणि निरीक्षकही गार! त्यांनी माझ्या तळावर काळ्या ग्रॅनाइटच्या जाड लाद्या बसवल्या आणि मागे पुरुषभर उंचीचा आरसा लावला. मी तर हवेतच होते. लोक स्वतःकडे बघण्याच्या नादात आपला मजला विसरू लागले.

निरीक्षकबाई आल्या. आरशाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. वाकून लादीवर टकटक केली.

"ही कुणी घातली?"

"मीच!" सेक्रेटरी फुलून म्हणाले. "अस्सल ग्रॅनाइट आहे, मॅडम."

"परवानगी कुणाची घेतलीत?"

"बायकोची. रंग तिनंच पसंत केला."

बाई हसल्या नाहीत. "अहो, चार माणसांचं वजन कायमचं आत बसवलंय तुम्ही! तोल बिघडला, ब्रेकवर ताण आला. मंजूर केलेल्या लिफ्टमध्ये असा परस्पर बदल करता येत नाही. लिफ्ट बंद."

"मॅडम, उद्या माझी आई घरी येतेय हो! एक दिवस डोळेझाक करा."

"तुमची आई यात बसणार, आणि मी डोळे झाकू?"

माझ्या दारावर 'बंद'ची पाटी लागली. आईंचा मुक्काम लेकीच्या तळमजल्यावरच्या घरी हलला. "आरसा तुझ्याकडेच ठेव," लेकीने भावाला फोनवर सुनावले, "तुझं तोंड बघायला तुलाच लागेल."

लाद्या निघाल्या, आरसा निघाला. मिस्त्रीने दोर आणि ब्रेक पुन्हा तपासले. बाई परत आल्या, मला पूर्ण भार भरून वरखाली नेले, वेगात असताना एकदम थांबवून पाहिले. मी जागच्या जागी उभी! नव्या परवान्यावर सही झाली. तेव्हा माझी छाती अशी फुगली की दार लागते की नाही अशी शंका आली.

आई आल्या. पण दारातच अडल्या. परवान्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. तारखेसकट."

मुलाने वाचले.

"आता आधी तू एकटा वर जाऊन ये."

"अगं आई, पास झालीये ती!"

"ती झाली रे. तुझा निकाल अजून लागायचाय."

सेक्रेटरी निमूटपणे वर जाऊन आले. मग आई आत बसल्या आणि निघालो. सहाव्या मजल्यावर माझा तळ आणि बाहेरची फरशी अगदी एका रेषेत आली. खुर्चीची चाके न अडखळता घरात गेली.

मित्रांनो, लिफ्टमध्ये शिराल तेव्हा आधी परवाना बघा, केस मग नीट करा. तारीख उलटून गेली असेल तर मोठ्यांना सांगा. "चालतेय की!" असे कोणी म्हणाले, तर जिन्याने जा. नुसती चालणारी लिफ्ट कुठेही मिळेल. हव्या त्या मजल्यावर नीट थांबणारी हवी असेल, तर तिची परीक्षा घ्यावी लागते. माझी खुशाल घ्या.