ढिल्या पट्ट्यावरची गाणी

मित्रांनो, माझ्या अंगावर आठ बटणं, आवाजाचा जोर दाखवणारे दोन काटे आणि चहाचा एक न गेलेला डाग आहे. मी चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर, वयाने बहुधा तुमच्या आईबाबांएवढा. माझ्या एकाच फितीवर चार आवाज एकमेकांना धक्का न लावता शेजारी शेजारी बसतात.

मी एका रॉक बँडच्या हाती लागलो. वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या दुकानामागची खोली हा त्यांचा स्टुडिओ. दुकान ड्रमरचं. त्याची थोरली बहीण गायची. तिला सगळेच ताई म्हणत. गिटारवाला शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, म्हणून तो मास्तर. पहिल्या अल्बमभर तिघांनी नुसता दंगा केला. माझे काटे लाल खुणेवरून उतरतच नसत. "एवढ्याशा डब्यात हे सगळं मावलं?" असं लोक विचारत, आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

दुसऱ्या अल्बममध्ये त्यांचा सूर बदलू लागला. गिटार संथ झाली, दोन ओळींमध्ये शांतता आली. आठ गाणी भरून झाली आणि ताईच्या घशाची शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर तिचा आवाज खाली उतरला, खरखरीत झाला. तिने गाणंच सोडलं. मी दीड वर्ष फळीवर धूळ खात पडलो.

एका रविवारी मास्तरने मला उघडलं. आतला, चाकं फिरवणारा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला होता. त्याने तो खरवडून काढला, नवा बसवला आणि ताईला बोलावून टेप लावली. गाणी भरभर धावू लागली. ताईचा आवाज बारीक, चिरका येत होता.

"ताई, ही तू चौथीत असतानाची टेप आहे का?" ड्रमर म्हणाला.

ताई हसली नाही. "पुसून टाका सगळं. उरला होता तोही आवाज गेला."

चूक माझी होती. गाणी भरली तेव्हा माझा जुना पट्टा ढिला होता आणि मी हळू चालत होतो. ते ऐकतही माझ्यावरच, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आता मी नीट चालत होतो, म्हणून गाणी बिघडली होती.

"पुसू नकोस. आधी ती गुणगुण ऐक," मास्तर म्हणाला. अ‍ॅम्प्लिफायरमधून विजेची बारीक गुणगुण सतत येत असते आणि तिचा स्वर ठरलेला असतो. गाण्याआधीच्या शांततेत तीही भरली गेली होती. मास्तरने खोलीतला अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. दोन्ही गुणगुणी जुळेनात. आवाज लाटांसारखा वरखाली होऊ लागला. मास्तर माझा वेगाचा स्क्रू हळूहळू फिरवत गेला. लाटा लांबल्या, आणखी लांबल्या, मग विरून गेल्या.

आणि ताईचा आवाज आला, होता तस्साच. ती माझ्या फिरत्या चाकांकडे पाहत राहिली.

"बरी गायचे की मी."

"तेव्हा तर म्हणायचीस, भंगार झालंय म्हणून," ड्रमर म्हणाला.

"तू गप रे."

मास्तरने मोकळ्या चौथ्या ट्रॅकचं बटण दाबलं आणि माइक पुढे सरकवला. ताईने जुन्या उंचीवर जायचा प्रयत्न केला. आवाज फाटला. "नाही जमत," ती म्हणाली.

"वर कशाला चढतेस?" भाऊ म्हणाला. "वर ती टेपवरची आहे ना. तू खाली थांब."

ताईने पुन्हा सुरुवात केली, खालून, खरखरीत आवाजात, स्वतःच्याच जुन्या आवाजाला आधार दिल्यासारखी. माझे काटे निम्म्यावरही गेले नाहीत. पण इतकं भरलेलं काही मी आजवर फितीवर घेतलं नव्हतं.

"झालं," ड्रमर म्हणाला. "एका ताईची बोलणी काय कमी होती, आता दोघी."

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राची धूळ पुसा, पट्टा वेळेवर बदला. आणि एखाद्याचा आवाज बदलला, तर त्याला पहिल्यासारखं गायला सांगू नका. माइक तेवढा जवळ सरकवा.