सिलुवय्यनचं खडप

मेटिल्डाने होडीच्या काठावरून वाकून शिशाचा गोळा उचलला, उलटा केला आणि तळाची माती चिकटून वर यावी म्हणून त्याच्या बुडाच्या खळग्यात भरलेल्या साबणाकडे पाहिलं. साबणाला वाळू चिकटली होती. बारीक, पांढरी, धुतल्यासारखी वाळू. खडकाचा कण नाही, शिंपल्याची कपची नाही. बाप आपल्याकडे बघत नाही ना याची खात्री करून तिने ती अंगठ्याने पुसून टाकली.

सिलुवय्यन गुडघाभर पाण्यात उभा राहून गळाची दोरी गुंडाळत होता. सहासष्टाव्या वर्षीही त्याचा हात अंगठ्यापासून कोपरापर्यंत एका लयीत फिरे. होडी पाण्याबाहेर काढायला जावई बर्नबास मागच्या टोकाला खांदा लावून थांबला होता.

पलीकडच्या होडीतून पत्रोस ओरडला, "काय अण्णा, आज पण वाळूच? तीन दिवस झाले. घर बांधताय की काय?"

किनाऱ्यावरचे चौघेपाच जण हसले.

"बांधतोय," सिलुवय्यन म्हणाला. "तुझ्यासाठीच. बायकोनं बाहेर काढलं की कुठं जाशील?"

आता सगळेच हसले, पत्रोसही. सिलुवय्यनचा हात थांबला नाही. पण मेटिल्डाने पाहिलं, त्याने नुकतीच गुंडाळलेली दोरी सोडून दिली आणि पहिल्यापासून पुन्हा गुंडाळायला घेतली. मोजणी चुकली होती. बापाची मोजणी चुकलेली तिने आजवर पाहिली नव्हती.

समुद्राच्या तळाशी, सपाट वाळूवर सिलुवय्यनच्या बापाने एक खडप वसवलं होतं. दगड, नारळाचे बुंधे, वाळूने भरलेली पोती. वल्ह्याने अर्ध्या तासाच्या अंतरावर, अंगणाएवढी जागा. सिलुवय्यन दर वर्षी तिथे एखादा बुंधा नेऊन सोडत असे. त्या दगडांच्या आसऱ्याला तांबोशी येई, हेकरू येई, मोसमात माकुलं अंडी घालायला येत. मेटिल्डा त्याच माशांवर वाढली, तिचं लग्नही त्यांच्यावरच झालं.

पाण्यावर मात्र याची काहीच खूण नव्हती. खुणा होत्या त्या जमिनीवर. किनाऱ्यावरचे लोक त्यांना कणिच्चम म्हणत. चर्चच्या मनोऱ्यावरचा क्रूस मागच्या डोंगराच्या खिंडीत नेमका बसला की ती एक ओळ. दुसरी ओळ दक्षिणेकडची, ती कशावरून कशावर जाते हे सिलुवय्यनखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन्ही ओळी जिथे एकमेकींना छेदत तिथे तो शिसं सोडत असे, आणि दोरी अंगठ्यावर धरून डोळे मिटत असे. वाळूवर शिसं मऊ बसतं. दगडावर टक् करतं, आणि ते टक् म्हणे त्याला कानाच्या आधी दातांत कळायचं. चाळीस वर्षांत त्याला तिसऱ्यांदा शिसं सोडावं लागलं नव्हतं.

ईस्टरनंतर मनोरा उतरवला. भिंतीला तडे गेले होते, नवा बांधायचा होता. सभेत पहिला हात सिलुवय्यननेच वर केला होता. नंतर गुडघ्याच्या दुखण्याने तो चार महिने घरी पडून होता. परवा बुधवारी पहिल्यांदा समुद्रावर गेला तेव्हा खिंड जागेवर होती आणि तिच्यात क्रूस नव्हता. मनोऱ्याचं उरलेलं बूड बांबूंच्या सांगाड्यात उभं होतं, पण समुद्रावरून बघणाऱ्याच्या आड माडांचे शेंडे येत.

बाकीच्यांनी आपापल्या खडपांचे जीपीएसचे आकडे कधीच फोनमध्ये घालून ठेवले होते. सिलुवय्यनने फोनला खडप दाखवलं नव्हतं. "फोन आज तुझ्या खिशात, उद्या दुरुस्तीच्या दुकानात," तो म्हणे. बर्नबासला तो समुद्रावर नेऊन खुणा दाखवणार होता. खूण सांगायची नसते, दाखवायची असते. आणि बाईमाणसाला तर दाखवायचीही नसते, मासा उठून जातो. आता एका ओळीवरून तो तीन दिवस वर-खाली फिरत होता. गल्ली ठाऊक, घर ठाऊक नाही, अशी त्याची गत झाली होती.

दुपारी बर्नबास कप्प्याच्या कंदांची सालं काढायला तिच्याशेजारी बसला. लग्नानंतर इथल्या रीतीप्रमाणे तो बायकोच्या किनाऱ्यावर राहायला आला होता. त्याच्या बापाचं खडप, असलंच तर, त्याच्या भावांकडे राहिलं होतं.

"सोमवारी दूरच्या फेरीची बोट निघतेय," तो म्हणाला. "एक माणूस कमी आहे त्यांना. उद्यापर्यंत कळवतो म्हटलंय."

"किती दिवस?"

"चाळीस. लवकर भरली तर कमी."

"आणि नाही भरली तर?"

दहा महिन्यांची एन्सी भिंतीला धरून उभी राहायला बघत होती. त्याने तिच्यापुढे बोट केलं. तिने ते धरलं आणि धप्पकन खाली बसली.

"परत येईन तोवर चालत असेल ही," तो म्हणाला.

मेटिल्डाने कप्प्याचे तुकडे पाण्यात टाकले. बाहेर ओसरीत बाप पाठमोरा बसला होता. लहानपणी तो रोज दुपारी याच वेळेला घरी यायचा. अंगाला मिठाचा वास, हातात ताटात पडायचा मासा. दुपारी जेवायला घरी येणारा बाप ही केवढी मोठी गोष्ट असते, हे तिला एन्सी झाल्यावर कळलं होतं. दूरच्या फेरीवाल्यांची मुलं बापाला बघून आईच्या मागे लपत.

"अप्पांना उद्याचा एक दिवस दे," ती म्हणाली.

"मी किती दिवस देऊ गं? माझ्या हातात आहे का? त्यांचं तोंड बघवत नाही मला. आज शिसं किती वेळा सोडलं, मोजायचं सोडलं मी."

तिला जे ठाऊक होतं ते वीस वर्षांत ती कुणापाशी बोलली नव्हती.

आठ-नऊ वर्षांची असताना ती रोज सकाळी डोंगरावरच्या विहिरीवरून गोडं पाणी आणत असे. खिंडीत आली की कळशी टेकवायची, डोक्यावरची चुंबळ सारखी करायची आणि समुद्राकडे बघायचं. तेव्हा बापाचा लाकडं बांधून केलेला तराफा होता, शिडाला निळं ठिगळ. खाली माडांच्या वर चर्चचा क्रूस, आणि त्या क्रूसाच्या नेमका मागे तो तराफा, टांगून ठेवल्यासारखा. रोज तिथेच. एकदा ती गंमत म्हणून दोन पावलं बाजूला सरकली तर तराफा क्रूसावरून निसटला. परत आली तर पुन्हा टांगलेला. त्या दिवशी तिला बापाची खूण कळली. धावत खाली जाऊन बापाला सांगायचं होतं. पण घरी पोचली तेव्हा तो कुणाला तरी मान ताठ करून सांगत होता, "सिलुवय्यनचं खडप एक देवाला ठाऊक आणि एक मला."

त्यानंतर ती खिंडीत कळशी टेकवायची ती समुद्राकडे पाठ करून. मासा उठून जाऊ नये म्हणून.

शनिवारी उजाडता उजाडता तिने होडीपाशी बर्नबासच्या हातात फोन दिला.

"चालू ठेव. आणि वल्हं उभं करून त्याला तुझी लाल लुंगी बांध."

"म्हणजे? मिरवणूक आहे का कसली?"

"बांध म्हटलं ना."

एन्सीला कमरेवर घेऊन ती डोंगर चढली. नळ आल्यापासून ही वाट कुणी चालत नव्हतं, काटे वाढले होते. खिंडीत पोचेपर्यंत दम लागला. तिथून खाली बघताना माड आड येत नव्हते, ते पायाखाली होते. त्यांच्यामध्ये बांबूंचा चौकोन आणि त्यात मनोऱ्याचं बूड, उघड्या पेटीसारखं. त्यापलीकडे समुद्र. सात-आठ होड्यांमधला लाल ठिपका शोधायला तिला वेळ लागला नाही. फार उत्तरेला होता तो.

तिने फोन लावला.

"अप्पांना दे."

तिकडे थोडी कुजबुज झाली. मग बापाचा आवाज, फोन तोंडापासून लांब धरून ओरडल्यासारखा, "काय गं मोळे, लेकी? पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. अप्पा, तुमची दक्षिणेची ओळ धरलीय ना?"

पलीकडे फक्त वारा ऐकू आला.

"ती सोडू नका. तिच्यावरूनच दक्षिणेकडे सरका."

"कुठं आहेस तू?"

"खिंडीत."

"खिंडीत काय करतेयस?"

"पाणी भरायला आलेय."

घरात नळ होता हे त्यालाही ठाऊक होतं. एन्सीने फोन ओढून त्यात दोनदा "बा बा" केलं. मेटिल्डाने तो सोडवून कानाला लावला. आता तो फोन ठेवून देईल, तिला वाटलं. होडी वळवेल, घरी येईल आणि पुन्हा कधी समुद्रावर जाणार नाही.

इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. मग बाप म्हणाला, तिच्याशी नाही, बर्नबासशी, "दुसरं वल्हं इकडं दे. मी मारतो."

लाल ठिपका हलला.

"अजून," ती म्हणाली. "अजून... अजून थोडं. हळू, अप्पा. प्रवाह नेतोय तुम्हाला. परत एक वल्हं मागे."

मनोऱ्याच्या बुडाच्या उजव्या कडेला ठिपका टेकला. मग आत आला. ती खिंडीच्या नेमक्या मध्यावर उभी होती का? तिने पायाखाली पाहिलं. कळशी टेकवून टेकवून दगडाला पडलेला गोल खळगा पाचोळ्याखाली होता. पायाने पाचोळा सारून ती त्यात उभी राहिली.

"थांबा."

फोनमधून दोरी सुटल्याची सळसळ आली. नंतर काहीच नाही. मग बर्नबास "दगड लागला!" म्हणून ओरडला आणि लगेच बापाचा दबलेला आवाज, "शू! पत्रोस बघतोय. गळ दुरुस्त करतोय असं दाखव."

फोन बंद झाला.

ती तशीच उभी राहिली. बाकीच्या होड्या इकडे तिकडे फिरत होत्या. लाल ठिपका हलला नाही. थोड्या वेळाने तोही दिसेनासा झाला, लुंगी कुणीतरी उतरवली होती. तिने एन्सीला तिथेच बसून पाजलं, आणि उन्हं चढल्यावर खाली उतरली.

दुपारी होडी लागली तेव्हा टोपलीवर ओलं पोतं अंथरलेलं होतं.

पत्रोस जवळ आला. "काय अण्णा, आज?"

"वाळूच," सिलुवय्यन म्हणाला. "फक्त जरा लाल आहे."

पोत्याखालून तांबोशीची शेपटी बाहेर आली होती. पत्रोसने ती पाहिली, सिलुवय्यनकडे पाहिलं आणि कपाळावर हात नेऊन सलाम केला. या वेळी तो हसत नव्हता.

बर्नबासने होडीतूनच बोटमालकाला फोन करून नाही म्हणून कळवलं होतं. ते त्याने मेटिल्डाला टोपली उतरवता उतरवता सांगितलं. ती पटकन खाली वाकली आणि उगीचच पोतं सारखं करत राहिली.

"आणि खडपाचा आकडा घेतलास फोनमध्ये?" तिने विचारलं.

"बटणावर बोट ठेवलं होतं. अप्पा माझ्याकडं बघत नव्हते. बघत असते तर दाबलं असतं."

घरी सिलुवय्यन हातपाय धुऊन जेवायला बसला. वाफाळता कप्पा, तांबोशीचं लाल कालवण. तो मान खाली घालून जेवत राहिला. अर्धं जेवण झाल्यावर त्याने विचारलं, "किती वर्षं?"

"वीस," ती म्हणाली.

"याला सांगितलं होतंस?"

"नाही."

"आईला?"

"तिलाही नाही."

त्याने मान वर केली. बर्नबास हात धुवायला उठून गेला होता. एन्सी आजोबाच्या मांडीला धरून उभी होती. सिलुवय्यनने ताट थोडं मेटिल्डाकडे फिरवलं. कप्प्याचा एक लांबट तुकडा त्याने ताटाच्या कडेला उभा केला. "हे दक्षिणेकडचं दीपगृह," असं काही तो म्हणाला नाही. फक्त बोटाने त्याची उंची नीट केली. त्याच्यापुढे चार बोटांवर माशाचं एक हाड ठेवलं, टोक उजवीकडे झुकलेलं. दक्षिणेकडच्या टोकावरचा एकटा खडक असाच झुकलेला होता. मग कालवणात भिजलेलं बोट त्याने तुकड्यापासून हाडाच्या टोकावरून सरळ ओढत आणलं, ताटाच्या मध्यापर्यंत. तिथे थांबला.

मेटिल्डाने वाकून पाहिलं. पुरेसा वेळ पाहिलं. मग मान डोलावली.

सिलुवय्यनने दीपगृह उचललं आणि तोंडात टाकलं.