न मोजलेला दिवस

बुडबुडा तांदळाच्या कणीएवढा होता. जांभळं द्रावण भरलेल्या परीक्षानळीत बोटाच्या पेराएवढी एक छोटी नळी उपडी घातलेली, आणि तिच्या बंद टोकाशी तो अडकून बसलेला. विनोदिनीनं परीक्षानळी प्रयोगशाळेच्या खिडकीकडे धरली. द्रावण जांभळ्याचं पिवळं झालं होतं. मग तिनं पुढची उचलली, मग तिच्या पुढची. पंधरापैकी तेरा नळ्यांत बुडबुडे होते. म्हणजे विहिरीत मैला झिरपत होता.

आकडा वहीत लिहून ती स्टुलावर बसून राहिली. निकाल कळला होता. पण हा निकाल सप्टेंबरचा होता, आणि प्रश्न जुलैचा होता.

जुलैत वादळानं सांगलीतली वीज तीन दिवस गेली होती. नळ्या सदतीस अंशांवर ठेवायची पेटी थंड पडली आणि पाच गावांच्या पाण्याचे नमुने वाया गेले. चार गावं जवळची होती. तिथलं पाणी शिपायानं सायकलवरून पुन्हा आणलं. पाचवं गाव कडेगावच्या पलीकडचं. जीप मिळेना, महिन्याचा तक्ता पाठवायची तारीख उलटत चाललेली. तिथल्या विहिरीचा निकाल आधीचे तीन महिने चांगलाच आला होता. विनोदिनीनं चौथ्यांदा लिहिलं, ‘पिण्यास योग्य’, आणि खाली सही केली. बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच, न तपासता.

ऑगस्टमध्ये त्या गावात अकरा पोरांना कावीळ झाली. पाणी चांगलं असल्याचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेलाच होता. मग दोष कुणाचा? गावानं ठरवलं, जुलैतल्या सप्ताहाच्या महाप्रसादाचा. आणि महाप्रसाद रांधला होता हरणाबाईनं.

हरणाबाई आठ दिवसांपूर्वी त्या कागदाची नक्कल घेऊन प्रयोगशाळेत आली होती. पन्नाशीची, काटक, आल्याआल्या भिंतीला टेकून बसलेली.

"तीस वरसं पंगती उठवल्या बाई मी. आता बारशाच्या घुगऱ्यासुदीक कुणी सांगंना. माजी जाऊबाई म्हन्ती, हरणे, तुज्या हातात इख हाय. तिच्या लग्नातबी मीच रांधलं हुतं, ती बरी जगली!" ती हसली होती, आणि लगेच पदरानं तोंड पुसलं होतं. "ह्यो कागद खरा हाय का तेवढं सांगा."

 विनोदिनीनं कपाटातली निर्जंतुक बाटली काढली, विहिरीतून पाणी कसं भरायचं ते शिकवलं, आणि परत तपासू म्हणाली. दुसऱ्या दिवशी हरणाबाई कुल्फीवाल्याकडून बर्फ मागून, डब्यात बाटली ठेवून, दोन एस.ट्या बदलून आली होती. झाकणावरचा दोरासुद्धा विनोदिनीनं सांगितला तसाच बांधला होता.

प्रयोगशाळेचे प्रमुख पाटणकर साहेबांनी तेराचा आकडा पाहिला आणि मान हलवली. "आजच्या तारखेनं ‘अयोग्य’ द्या, मॅडम. पावसानं मागनं बिघडली असेल विहीर. कोण विचारणारय?"

त्यांना जुलैचं ठाऊक नव्हतं. पण वाट सोपी होती. कागद खरा, तारीख खरी, आकडा खरा. फक्त पोरं आजारी पडली त्याच्या आधीचं पाणी कागदावर चांगलंच राहणार होतं.

रविवारी ती साताऱ्याला गेली. तिचे वडील विष्णुपंत, तिचे अण्णा, शाळेत शास्त्र शिकवायचे आणि शाळेच्या आवारातलं सरकारी पर्जन्यमापक सांभाळायचे. सव्वीस वर्षं रोज सकाळी साडेआठला मोजणी. कार्यालयाला पाठवायच्या आकड्यांची एक प्रत ते घरीही ठेवत. विनोदिनीनं एकोणीसशे सहासष्टची वही काढली. जुलैच्या एका ओळीत आकड्याच्या जागी आडवी रेघ होती, पुढे लिहिलं होतं, ‘मोजले नाही’. दुसऱ्या दिवशीच्या आकड्यापुढे, ‘दोन दिवसांचा मिळून’.

त्या सकाळी चार वर्षांच्या विनोदिनीला तापात झटके आले होते आणि अण्णा तिला घेऊन इस्पितळात होते. घरात ही गोष्ट अनेकदा सांगून झाली होती. हेडमास्तर म्हणाले होते, "गुरुजी, टाका निम्मंनिम्मं. आभाळ थोडंच तक्रार करणारय?" आणि अण्णा म्हणाले होते, "आभाळ नाही करणार. म्हणूनच."

"अण्णा, ही रेघ मारताना भीती नाही वाटली?"

"वाटली की! तपासणीला साहेब यायचे होते. शेरा बसला असता, बसलाही." ते शेंगा सोलत होते. "मारेपर्यंत वाटली. मारल्यावर भूक लागली, तुझ्या आईनं चार भाकऱ्या वाढल्या." मग त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तू सकाळपासून नुसता चहा पितेयस."

"एस.टी. लागली थोडी."

"बरं," अण्णा म्हणाले. त्यांनी सोललेले दाणे तिच्यापुढे सरकवले. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला सांगलीपर्यंत वाटत राहिलं.

सोमवारी अकरा वाजता हरणाबाई आली. पाटणकर साहेब पलीकडच्या टेबलावर टपाल फोडत होते. टाइप केलेला कागद विनोदिनीच्या हातात होता. तिनं तो वाचून दाखवला.

"म्हंजे पानी वंगाळ हाय."

"हो. कुणालाही पिऊ देऊ नका. उकळून घ्या, मी ग्रामपंचायतीलाही कळवलंय."

हरणाबाईनं बोटांवर महिने मोजले. "ह्ये आत्ताचं. आन् सप्त्याच्या वक्ताचं पयल्या कागदात, त्ये चांगलं हुतं."  तिचा चेहरा हळूहळू उतरला. "मंग तवा माजंच चुकलं म्हनायचं. आळणी वाढलं आसंन, पर शिळं कवा वाढलं न्हाई वो बाई मी."

ती उठायला लागली. कागदाची घडी तिनं कमरेच्या पिशवीत नीट ठेवली, वर जुलैची घडी ठेवली.

जुलैत त्या विहिरीत काय होतं ते विनोदिनीला ठाऊक नव्हतं. आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. तेवढंच तिला नक्की सांगता येत होतं.

"हरणाबाई, बसा. तो पहिला कागद मला द्या." ती साहेबांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली. टपाल फोडायचा आवाज थांबला. "जुलैतलं तुमच्या विहिरीचं पाणी मी तपासलंच नव्हतं. न तपासता ‘योग्य’ लिहिलं. आज मी तसं लिहून देणार आहे, माझ्या सहीनं, आणि ते गावात वाचून दाखवायला मी स्वतः तुमच्याबरोबर येणार आहे."