तिठ्यावरचा मणी

"शंभर रॉकेटं वर गेली आणि एकच फुटलं, तर तो कचरा कुणाच्या अंगणात पडेल?" धुळ्याच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेला परीक्षकांनी प्रमिलाला विचारलं होतं. अणुभट्ट्यांचा कचरा रॉकेटात घालून सूर्याकडे धाडावा, ही तिची बाजू. ती फटकन म्हणाली, "कुणाच्याही पडो सर, माझ्या तर नाही!" हॉल हसला. ढाल तिलाच मिळाली. पुढे शहाऐंशी साली अमेरिकेचं यान आभाळात फुटल्याचा फोटो पेपरात आला, तेव्हा ती गरोदर होती. तिने पान उलटलं.

तेव्हा पोटात असलेला हेमू आता चार वर्षांचा होता. शिंदखेड्याजवळच्या सासरी दोन दिवस ओकत होता, आणि मांडीवर भाजल्यासारखा लाल चट्टा. भाजलं तर कुठेच नव्हतं. प्रमिलाने गादी झटकली, साबण बदलला, चुलीपाशी विटा लावल्या.

सासूने, भिकुबाईने, दृष्ट काढून उतारा तिठ्यावर ठेवण्याचा उपाय आधीच केला होता. "पोऱ्याले दिष्ट लागेल शे. बठ्ठा उतारा तिठावर टाकी उनू मी."

तेवढ्यात गावात जीप आली. पाइपलाइनवाल्यांचा माणूस दारोदार विचारत होता, हातातली किरणं मोजायची पेटी टिकटिकत होती. "पाइपांचे सांधे तपासायच्या यंत्रातला मणी हरवलाय. चकचकीत, मागे तारेची शेपटी. दिसला तर हात लावू नका, अणुभट्टीतला माल आहे."

प्रमिला सासूकडे वळली. "आत्या, उताऱ्यात काय काय होतं?"

"मीठ, मिरच्या, लिंबू. अन् पोऱ्याना खिसामधला तो मणी. करणीना व्हता, माय! घरमां कशाले ठेवू?"

बोलता बोलता भिकुबाईने तळहात पदराखाली घेतला. प्रमिलाने तो ओढून पाहिला. लाल होता.

तिठ्यावर मिरच्या होत्या, मीठ सांडलेलं होतं. मणी नव्हता. जीपवाल्याच्या पेटीची टिकटिक वाढली नाही. उतारा ओलांडायलाही गाव भितं, मग उचलला कुणी? एकच माणूस होता तसा. भंगारवाला खाजा. उताऱ्यातलं लिंबू हसत उचलायचा, "अक्का, भूत मला काय लागंल? मीच भूत!" सकाळी त्याची लाल हातगाडी त्याच वाटेने गेली होती. भंगारात काही चकाकतं निघालं, की तो ते गाडीवर बसलेल्या लेकीला खेळायला द्यायचा. तीन वर्षांची मदिना.

हेमूला आणि भिकुबाईला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. जीप गावोगाव फिरली. खाजा कुठल्या बाजाराला गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

दवाखान्याच्या दारात प्रमिला येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत असे, तेच ती तुम्हालाही सांगते आहे: बोदवडला, मुक्ताईनगरला, कुठेही लाल हातगाडी दिसली, तर मण्याला शिवू नका, पोलिसांना कळवा. पण आधी त्या पोरीची बोटं पाहा. तेवढं पाहाच.