एका पानाचा उशीर

भिंतीवर उन्हात तापत ठेवलेले दोन सेल सरजाबाईने पापडासारखे उलटे केले आणि तेवढ्या निमित्ताने पलीकडच्या अंगणात पाहून घेतले. लक्ष्मीबाईच्या बाजेवर एक पांढरे खोके उघडून पडले होते. तिची नात रोहिणी मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीवर जेवणाच्या डब्याएवढा काळा रेडिओ होता. त्याला ना काटा, ना आकड्यांची पट्टी. पुढे मोबाईलसारखी एक काच, खाली एक गोल खटका आणि पाच बटणे. लक्ष्मीबाई पाय लांब करून बसली होती आणि खोक्यातल्या फुगेवाल्या प्लास्टिकचे फुगे एकेक करून फोडत होती.

सेल अजून तापायचे होते. सरजाबाईला आत कामेही होती. पण ती तिथेच उभी राहिली.

"काय आनलंय गं, रोहिणी?"

"डिजिटल रेडिओ, सरजाआजी. नेटवर चालतो. आजीला तुमच्या पायऱ्या चढवंनात ना आता, म्हटलं घरीच ऐकंल."

सरजाबाईने मान हलवली. तिच्या ओसरीला पायऱ्या तीन. विहाराला सहा. त्या सहा पायऱ्या लक्ष्मीबाई दर पौर्णिमेला चढते, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले होते. चढताना एक हात कठड्यावर आणि दुसरा रोहिणीच्या खांद्यावर असतो, हेही पाहिले होते, पण ते ती हिशेबात धरत नव्हती.

रोहिणी गोल खटका फिरवून घरच्या नेटचा पासवर्ड भरत होती. एक अक्षर यायला खटका दहादा फिरवावा लागे. मधेच तिने शाळेत नोकरीवर गेलेल्या बापाला, धम्मदीपला, फोन लावून पासवर्ड पुन्हा विचारला. सगळा भरून झाल्यावर काचेवर काहीतरी उमटले आणि रोहिणी "च्च" म्हणाली.

"न्हाई लागला?" सरजाबाईने विचारले. आवाजात काळजी आणायला ती विसरली.

"चुकला एक आकडा. परत भरते."

दुसऱ्यांदा लागला. आधी कुठलेसे कानडी भजन आले, मग इंग्रजी बोलणारा कोणी, आणि मग एकदम परभणी केंद्र. बाईचा आवाज इतका साफ, की ती लक्ष्मीबाईच्या बाजेवरच येऊन बसली आहे असे वाटावे. खरखर नाही, शिट्टी नाही, वर-खाली होणे नाही. रोहिणीने ते केंद्र पहिल्या बटणावर ठेवले आणि आपल्या कपाळावरची टिकली काढून त्या बटणावर चिकटवली.

"वाचायचं काम नाही, आजी. टिकलीवर बोट ठिवायचं, बास. सेल लागत नाहीत याला. मोबाईलसारखं चार्जिंग करायचं."

लक्ष्मीबाईने टिकलीवर बोट ठेवले, पुन्हा ठेवले, आणि भिंतीकडे तोंड करून हसली.

"सरजे, बघ गं. खरखर म्हनून न्हाई."

"खरखर न्हाई त्यो कसला रेडिओ," सरजाबाई म्हणाली आणि न तापलेले सेल उचलून घरात गेली.

सगळ्या वस्तीत पहिला रेडिओ तिच्या घरी आला होता. नवरा, आश्रुबा, परभणीला जिनिंगमध्ये कामाला होता, त्याने आणला. तेव्हापासून तिला कोणी आश्रुबाची बायको म्हटले नाही, रेडिओवाली सरजाबाईच म्हटले. पुढे घरोघर टीव्ही आले, पोरांच्या हातात मोबाईल आले, पण नाव टिकले. पेडगावात सरजाबाई तिघी होत्या आणि रेडिओवाली एकच.

आणि रोज दुपारी साडेबाराला लक्ष्मीबाई यायची. 'दुपारची पसंती' लागायची. ओसरीवर पोते टाकलेले असायचे, पान सरजाबाईचे, सुपारी लक्ष्मीबाईची. लक्ष्मीबाईचा धम्मदीप शाळकरी पोरगा असताना दोघी त्याच्याकडून फर्माईशीचे कार्ड लिहून घ्यायच्या. भीमाच्या जात्यावरच्या ओव्या लावा, म्हणून. खाली नावे: सरजाबाई आणि लक्ष्मीबाई. आधी सरजाबाई, कारण रेडिओ तिचा. वर्षातून एखादे कार्ड लागायचे आणि मग आठ दिवस दोघी हवेत असायच्या. आश्रुबा गेल्यावर दिवसातला तो एकच तास असा उरला होता की जेव्हा कोणीतरी मुद्दाम तिच्याकडे यायचे. सून नीलम चांगली होती, पण ती सकाळी कामावर जायची ती दिवेलागणीला यायची.

आता लक्ष्मीबाई येईना.

पहिल्या दिवशी सरजाबाईने पोते टाकले, पानाची चंची उघडून ठेवली आणि एक वाजता सगळे उचलून ठेवले. तिकडून बोलावणे आले होते, नाही असे नाही. "ये की इकडंच," लक्ष्मीबाई भिंतीवरून म्हणाली होती. पण जन्मभर जिने आपल्या ओसरीवर बसून ऐकले, तिच्या अंगणात जाऊन आपण ऐकायचे, हे सरजाबाईच्या गळी उतरेना. तिला हेवा वाटत होता. रेडिओचा वाटत होता, नातीचा वाटत होता, आणि सगळ्यात जास्त, आपल्याशिवाय लक्ष्मीबाईचा तास मजेत जातो, याचा वाटत होता.

चौथ्या दिवशी तिला एक गोष्ट सापडली. तिच्या रेडिओवर गाणे संपले आणि तेच गाणे भिंतीपलीकडे अजून चालूच होते. तिला वाटले, कानच खराब झाले. तिने पुढच्या गाण्याला नीट लक्ष दिले. तिच्याकडे बाई नावे वाचून मोकळी झाली, गाणे लागले, आणि मग कुठे तिकडे तीच नावे सुरू झाली. पान घेऊन, चुना लावून, सुपारी टाकून, विडा तोंडात जाईपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढा तो नवा रेडिओ मागे होता.

सरजाबाईला लय आनंद झाला. ती भिंतीशी गेली.

"लक्षे, तुझ्याकडं शिळं येतंय गं."

"काय शिळं?"

"माझ्याकडचं गाणं संपलं. तुझ्याकडं आजून कडवंच चालू हाय. म्हाग हाय तुझा."

रोहिणी आतून बाहेर आली. "नेटवरून येतं ना, सरजाआजी. फिरून फिरून येतं, म्हणून थोडा उशीर."

"तेच म्हनायले मी. शिळं."

"शिळं तर शिळं," लक्ष्मीबाई म्हणाली. "घरबसल्या येतंय."

तो शब्द सरजाबाईला लागला. घरबसल्या. म्हणजे तीस वर्षे पायऱ्या चढून येणे ही हिची शिक्षाच होती की काय. त्या दिवसापासून तिने आपला रेडिओ मोठ्याने लावायला सुरुवात केली, इतक्या मोठ्याने की भिंतीपलीकडे शब्द न् शब्द जावा. बाईने गाण्याचे नाव सांगितले की ती ओरडून सांगायची, "लक्षे, आता कव्वाली हाय बघ." आणि पान लावायच्या वेळाने तिकडे कव्वाली लागायची. लक्ष्मीबाई कधी कधी हसायची. आवाज वाढवल्याने सेल आठ दिवसांत उतरले. उन्हात तापवूनही उठेनात, तेव्हा नीलमने बाजारातून नवी जोडी आणली. तेही सरजाबाईने भिंतीवरून कळवून टाकले.

"नवे टाकलेत आज. दिवाळीपस्तोर बघनं न्हाई."

वस्तीतली माणसेही काही कमी नव्हती. गिरणीवाला सिताराम दळण देता देता म्हणाला, "आता दोन रेडिओवाल्या झाल्या म्हनं आपल्याकडं." गिरणीतल्या बाया हसल्या. सरजाबाईने पिठाचा डबा डोक्यावर घेतला आणि तडक घराची वाट धरली. घरी आल्यावर तिने रेडिओचे चामडी पाकीट खोबरेल तेलाने पुसले. तिला रडू येत होते आणि कशासाठी, ते कोणाला सांगण्यासारखे नव्हते.

गुरुवारी साडेबाराला ती एकटीच पोत्यावर बसली होती. सेल नवे, आवाज खणखणीत. दोन गाणी झाली. मग बाई म्हणाली, "आणि यानंतरची फर्माईश मोबाईलवर पाठवली आहे परभणी तालुक्यातल्या पेडगावहून..."

सरजाबाई ताठ झाली. पेडगावहून कार्ड जायचे ते दोघींचेच. तिने काही पाठवले नव्हते.

"...लक्ष्मीबाई..."

अच्छा. म्हणजे आता फर्माईशही एकटीने. आधी लक्ष्मीबाई.

"...रोहिणी, धम्मदीप, अपेक्षा..."

अपेक्षा म्हणजे रोहिणीची धाकटी बहीण, तिला रेडिओ कशाशी खातात ते माहीत नव्हते. सरजाबाई वाट पाहत होती. आपण वाट पाहतो आहोत, याचाच तिला राग येत होता.

"...गिरणीवाले सिताराम..."

सरजाबाईने खटका खाली ओढला. ओसरी एकदम गप्प झाली. गिरणीवाला सिताराम! जो आयुष्यात कधी पोत्यावर येऊन बसला नाही, ज्याच्या गिरणीच्या आवाजात स्वतःचे नाव ऐकू येत नाही, त्याचे नाव रेडिओवर, आणि आपले नाही. तिने रेडिओ उलटा केला, मागचे झाकण नखाने उघडले आणि दोन्ही सेल बाहेर काढले. का काढले ते तिलाही कळले नाही. हातात काहीतरी धरायला हवे होते. सेल मुठीत घेऊन ती उठली, आत जायला वळली.

आणि भिंतीपलीकडे नावे सुरू झाली.

"...परभणी तालुक्यातल्या पेडगावहून लक्ष्मीबाई..."

तिला ऐकायचे नव्हते. पण इतके दिवस ज्या भिंतीवरून तिने आपला आवाज पलीकडे पाठवला, त्या भिंतीची उंची दुसऱ्या बाजूनेही तेवढीच होती.

"...रोहिणी, धम्मदीप, अपेक्षा, गिरणीवाले सिताराम..."

सरजाबाई उंबऱ्यात एक पाय ठेवून उभी राहिली.

"...आणि रेडिओवाल्या सरजाबाई."

मग जात्याची घरघर आली आणि भीमाच्या ओव्या लागल्या.

सरजाबाईने पदराचे टोक डोळ्याला लावले आणि तसेच ठेवले. गावात नाव पडणे वेगळे. परभणीच्या बाईने ते वाचले होते, म्हणजे कोणीतरी ते तसेच लिहून पाठवले होते, आणि लिहिणाऱ्याला कोणीतरी तसेच सांगितले होते.

"सरजे," भिंतीपलीकडून हाक आली. "ऐकलं का गं?"

सरजाबाईने पदर डोळ्यावरून काढला.

"कवाच ऐकलं. तुझ्या आदी."

पलीकडे ओव्यांचा आवाज जरा कमी झाला.

"मंग बंद कामून केलास?"

सरजाबाईने मुठीतल्या सेलांकडे पाहिले. ती भिंतीशी गेली आणि दोन्ही सेल उन्हात ओळीने मांडले, पलीकडून दिसतील असे.

"सेल उतरले," ती म्हणाली.

लक्ष्मीबाईने बाजेवरून सेलांकडे पाहिले. त्यांच्यावरचा लाल कागद अजून चकचकत होता.

सरजाबाई आत गेली, चंची घेतली, तीन पायऱ्या उतरली. दोन्ही घरांची फाटके जवळजवळच होती, पण त्या फाटकातून ती बऱ्याच दिवसांनी आत जात होती. लक्ष्मीबाईने बाजेवर सरकून जागा केली. तिच्या दोन्ही गुडघ्यांना हळद-तेलाची फडकी बांधलेली होती आणि एक गुडघा दुसऱ्यापेक्षा दीडपट दिसत होता. भिंतीवरून तो कधी दिसला नव्हता. सरजाबाईने त्यावर हलकेच तळवा ठेवला.

"लय ठनकतंय का?"

"रातीला."

टिकली लावलेल्या रेडिओतून तिसरी ओवी चालली होती. आवाज साफ होता. सरजाबाईने चंची सोडली, पान मांडीवर पुसले आणि चुन्याची डबी काढली.

"दोन ओव्या गेल्या की गं यायच्या नादात," ती म्हणाली.

"तुझं काय जातंय. तू तर कवाच ऐकलंस."

सरजाबाई चुना लावत राहिली. पान लहान होते आणि चुना जरा जास्तच लागत होता. लक्ष्मीबाईने अडकित्त्याने सुपारी कातरली, अर्धी तिच्या तळहातावर ठेवली आणि रेडिओकडेच बघत म्हणाली,

"सितारामाचं नाव लागलं की सेल उतरत्यात व्हय गं तुझे?"